डिनेरियस तपासायचं साहित्य: तयार किट सोडा, इतवारीत जमवा

रोमन सम्राटांची चांदीची नाणी जमवायला निघालेले बहुतेक जण आधी नाणं घेतात आणि मग ते तपासायचं साहित्य शोधतात. हा क्रम उलटा हवा. ऑगस्टस किंवा टायबेरियसच्या एका बऱ्या डिनेरियसला, म्हणजे रोमनांच्या नेहमीच्या चांदीच्या नाण्याला, जो पैसा लागतो, त्याच्या छोट्या हिश्श्यात आयुष्यभर पुरेल असं साहित्य येतं आणि तेच पुढच्या प्रत्येक खरेदीत पैसे वाचवतं. नागपूरकरांना तर हे साहित्य बाहेरून मागवायचीही गरज नाही. इतवारीच्या सराफा ओळीत आणि तिच्या आतल्या गल्ल्यांत सोनारकामाच्या हत्यारांची दुकानं आहेत, आणि चांदी तपासणं हे तिथलं रोजचं काम आहे.

या परीक्षणात चार गोष्टी पाहू: ऑनलाइन मिळणारं तयार ‘नाणे संग्राहक किट’, इतवारीत सुटं जमवलेलं साहित्य, सराफ्यातली टंच (धातूची शुद्धता) काढायची मशीन, आणि इंटरनेटवरची फुकट रोमन नाणेसूची. निकाल आधीच सांगतो. किट घेऊ नका. मिलिग्रॅम काटा आणि दहापट भिंग यांवर हात आखडू नका. टंच मशीनचा आकडा अर्धाच खरा माना. नाणेसूची मात्र आजपासून वापरायला लागा.

तयार किट

वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या या किटमध्ये साधारण एकच सामान असतं: ५०० ग्रॅमचा खिशातला काटा, ‘४० पट’ असं लिहिलेलं भिंग, मऊ प्लॅस्टिकच्या खिशांचा अल्बम, सुती हातमोजे आणि चांदी चमकवायच्या द्रवाची बाटली.

काटा ०.१ ग्रॅमचा असतो. तो ३.४ दाखवतो तेव्हा नाणं ३.३५ ते ३.४५ यांमधलं काहीही असू शकतं. शिवाय ५०० ग्रॅमसाठी बनवलेल्या काट्याला तीन-साडेतीन ग्रॅमचं वजन अगदी तळाशी पडतं, आणि तिथे असे काटे सर्वांत बेभरवशाचे. भिंगावरचे ४० पट फक्त छापलेले असतात. एकाच साध्या काचेतून दिसणारी प्रतिमा कडेला वाकते आणि रंगीत झालर धरते. नाण्याचा काठ पाहायचा असतो नेमका तेव्हाच ते कामाला येत नाही. हातमोजे निरुपद्रवी, पण निरुपयोगीही. सुती बोटांतून नाणं निसटतं, आणि जुनी चांदी फरशीवर पडली तर तुटू शकते. जमिनीत शतकानुशतकं पडून राहिलेल्या चांदीच्या आतल्या कणांमधले जोड कमजोर होतात. अशी नाणी काचेसारखी कडकन दुभंगल्याची उदाहरणं आहेत. हात साबणाने धुवून, कोरडे करून, नाणं फक्त काठाला धरावं, तेही घडी केलेल्या मऊ कापडाच्या वर.

सर्वांत वाईट वस्तू म्हणजे ती बाटली. चांदी चमकवायचा द्रव काळपटपणाबरोबर वरचा धातूही खातो. शतकांनी चढलेला राखाडी थर जातो, खाली पांढरट, निर्जीव पृष्ठभाग उरतो आणि नाण्याची किंमत जागच्या जागी पडते. याच कारणासाठी सराफाकडे उजळायलाही नाणं देऊ नये. रिठा, चिंच, टूथपेस्ट, राख, घरातलं काहीही त्याला लावू नये. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायचं आणि पाणी बदलत राहायचं, इतकंच.

मिलिग्रॅम काटा

पैसे इथे घालायचे. रत्नं विकणारे जो कॅरेट काटा वापरतात तोच आपल्याला हवा: क्षमता २० किंवा ५० ग्रॅम, अचूकता ०.००१ ग्रॅम, वर झाकण. सोबत तपासणीचं वजन आलं पाहिजे; नसेल तर काटा घेऊ नका. पन्नास ग्रॅमचा घेतलेला बरा, कारण पुढे पाण्यातली चाचणी करायची तर कपाचं आणि पाण्याचं वजन त्यात बसावं लागतं. दुकानात काटा बहुतेक वेळा कॅरेटवर लावलेला असतो. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यामुळे ३.४० ग्रॅमचं नाणं तिथे १७ दाखवेल. आधी तो ग्रॅमवर आणा.

दुकानातच तपासून घ्या. खिशातला एक नवाकोरा रुपया पुरतो. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि २०१९ च्या मालिकेतला ३.०९ ग्रॅमचा आहे. योगायोग असा की पहिला ऑगस्टसच्या डिनेरियसजवळ बसतो आणि दुसरा सेप्टिमियस सेव्हेरसच्या. रुपया तबकडीच्या मध्यावर तीनदा ठेवा, मग चारही कडांना सरकवून बघा. आकडा तीन-चार मिलिग्रॅमपेक्षा जास्त हलत असेल तर दुसरा काटा मागा. रुपयाचं स्वतःचं वजन टांकसाळीतच थोडं इकडेतिकडे असतं. म्हणून काटा बरोबर दाखवतो का हे ठरवायला सोबतचं वजन वापरा, आणि तो दर वेळी तेच दाखवतो का हे बघायला रुपया.

घरी आणल्यावर आपल्या उन्हाळ्याची अडचण येते. कूलर चालू असलेल्या खोलीत मिलिग्रॅम काटा स्थिर राहत नाही. वाऱ्याच्या झोताने तबकडी हलते आणि शेवटचे दोन आकडे सारखे नाचतात. पंखा आणि कूलर दोन्ही बंद करा, झाकण लावा, काटा दगडी ओट्यावर किंवा भिंतीला टेकलेल्या जड टेबलावर ठेवा आणि पाच मिनिटं चालू ठेवून मग शून्य करा. बॅटरी उतरली की आकडा हळूहळू एका बाजूला सरकायला लागतो. काटा बिघडला असं समजण्याआधी बॅटरी बदला. मोबाइल काट्याला चिकटून ठेवू नका.

आता वजनाने काय कळतं ते पाहू, कारण खरी गंमत इथे आहे. चेहरा नकलाकारही हुबेहूब काढतो. पण कोणत्या सम्राटाच्या काळात एका रोमन पौंडातून किती नाणी पाडायची हे ठरलेलं होतं आणि ते प्रमाण बदलत गेलं. रोमन पौंड साधारण ३२५ ग्रॅमचा. ऑगस्टसच्या काळात एका पौंडाचे ८४ डिनेरियस, म्हणजे एक ३.८७ ग्रॅमच्या आसपास. वापरात झिजून आज ऑगस्टस आणि टायबेरियसची चांगली नाणी ३.६ ते ३.९ मध्ये सापडतात. इसवी सन ६४ मध्ये नीरोने पौंडाचे ९६ केले, म्हणजे ३.४ ग्रॅम, आणि चांदीत तांबंही वाढवलं. त्यामुळे नीरोचा डिनेरियस हाती आला तर पहिला प्रश्न, तो ६४ च्या आधीचा की नंतरचा? ३.३ ग्रॅमचा नीरो ठीक आहे. पण त्याच वजनाचा टायबेरियस, तोही फारसा न झिजलेला, संशयास्पद आहे.

पुढे व्हेस्पेशियनपासून अँटोनायनस पायसपर्यंत ३.१ ते ३.४ हीच पट्टी धरून चालता येतं. डोमिशियनने ८२ मध्ये टंच पुन्हा जवळजवळ शुद्ध चांदीवर नेला आणि ८५ मध्ये तो पुन्हा खाली आणला; त्या तीन वर्षांतली नाणी वेगळी काढून ठेवण्यासारखी. सेप्टिमियस सेव्हेरसने १९४-१९५ च्या सुमाराला टंच निम्म्याच्या आसपास आणला. वजन मात्र तीन ग्रॅमच्या पुढे राहिलं, म्हणून तिथे नुसता काटा फसवतो. काराकालाने २१५ मध्ये ॲन्टोनिनियानस नावाचं मोठं नाणं काढलं, पाच ग्रॅमच्या आसपासचं. ओळखायचं डोक्यावरून: डिनेरियसवर सम्राटाला पानांचा मुकुट, ॲन्टोनिनियानसवर किरणांचा, सम्राज्ञी असेल तर खांद्याखाली चंद्रकोर. नव्या नाण्याची किंमत दोन डिनेरियसइतकी धरली जात असावी, पण चांदी सुमारे दीडाइतकीच होती. पुढे गॅलिएनसच्या शेवटच्या वर्षांपर्यंत हे नाणं तीन ग्रॅमच्या आसपास आणि चांदी नावापुरती अशा अवस्थेला आलं. त्यावरचा पांढरा थर घासून गेला की खाली तांबं दिसतं. ते नाणं खोटं नाही, त्या काळी तसंच पाडलं जात होतं.

वजनाने रोमन नाणं पारखणं आपल्याकडे नवं नाही. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की सम्राट क्लॉडियसच्या काळात सिंहलद्वीपच्या राजाने रोमन डिनेरियस पाहिले, तेव्हा चेहरे वेगवेगळ्या राज्यकर्त्यांचे असूनही वजन सारखंच भरतं याचं त्याला विशेष वाटलं आणि त्यावरून त्याने रोमनांच्या सचोटीचा अंदाज बांधला. दक्षिण भारतात सापडलेल्या डिनेरियसच्या साठ्यांमध्ये नीरोच्या बदलाआधीच्या दोन प्रकारांची गर्दी दिसते: ऑगस्टसचे दत्तक पुत्र गायस आणि लुसियस ढाली-भाले घेऊन उभे असलेला, आणि टायबेरियसचा, ज्याच्या मागच्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री आणि ‘पाँटिफ मॅक्झिम’ हा लेख आहे.

आणि म्हणूनच या दोन प्रकारांत मुलामा दिलेली नाणी सर्वांत जास्त जपून पाहावी लागतात. आत तांब्याचा गाभा, वर चांदीचा पत्रा. यातली बरीचशी त्या काळातच बनलेली आहेत. गायस-लुसियस प्रकाराच्या अशा नकला भारतातही सापडल्या आहेत. तांबं चांदीपेक्षा हलकं असल्याने त्याच आकाराचं नाणं ३.७५ च्या जागी ३.३ किंवा त्याहून कमी भरतं. जुनी मुलाम्याची नाणी जमवणारेही आहेत आणि त्यात काही गैर नाही. फक्त त्यांची किंमत शुद्ध चांदीच्या नाण्याइतकी द्यायची नाही.

पाण्यातली चाचणी

मिलिग्रॅम काट्याचा दुसरा मोठा उपयोग हा. नाण्याला ओरखडाही न पाडता आतल्या धातूचा अंदाज येतो. लहान प्लॅस्टिकच्या कपात १५-२० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे नाण्यावर बुडबुडे चिकटत नाहीत. आधी नाणं कोरडं तोला. मग कप काट्यावर ठेवून शून्य करा. नाणं बारीक धाग्याच्या फासात अडकवून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. आता दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागायचं.

३.४०० ग्रॅमच्या नाण्याने ०.३३० दाखवलं तर उत्तर १०.३०. शुद्ध चांदी १०.४९, तांबं ८.९६. चांदी ९० टक्के असेल तर १०.३ च्या आसपास यायला हवं, ८० टक्क्यांना १०.१, निम्मी असेल तर ९.६-९.७. ०.०१ ग्रॅमचा काटा इथे का चालत नाही तेही यातच दिसतं. ०.३३ च्या जागी ०.३४ आलं की उत्तर थेट १०.० होतं आणि ०.३२ आलं की १०.६. म्हणजे एका आकड्याच्या चुकीत शुद्ध चांदी आणि ७५ टक्क्यांची चांदी एकच वाटायला लागते.

तापमानही धरा. मे महिन्यात आपल्याकडे टाकीतलंच काय, खोलीत ठेवलेलं पाणीही ३५ अंशांवर असतं आणि तेव्हा त्याची घनता ०.९९४ असते. उत्तराला तेवढ्याने गुणलं की १०.३० चं १०.२४ होतं. फरक लहान आहे, पण दोन नाण्यांची तुलना एक डिसेंबरात आणि एक मेमध्ये तोलून करणार असाल तर तो दिसतो.

ही चाचणी कुठे फसते? नाणं खड्डे पडलेलं, सच्छिद्र असेल तर आत हवा अडकते आणि उत्तर खोटंच कमी येतं. अशा वेळी दहा मिनिटं पाण्यात ठेवून पुन्हा तोला. आकडा बदलला तर हवा होती. आणि तडा गेलेलं नाणं मुळात धाग्याला लटकवूच नका. चाचणी झाली की नाणं साध्या डिस्टिल्ड वॉटरमधून काढून कापडावर टिपून वाळवा, चोळू नका.

भिंग आणि बाकीची हत्यारं

भिंग दहापटच घ्यायचं, तीन काचा एकत्र जोडलेलं, १८ ते २१ मिलिमीटर काचेचं. हिरे पाहणारे हेच वापरतात, त्यामुळे सराफ्यात चांगलं मिळतं. घेताना आलेखाच्या कागदावर धरून बघा: चौकोन कडेपर्यंत सरळ दिसले पाहिजेत. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि नाणं जवळ आणायचं. उजेड एका बाजूने, तिरका. खिडकीतला सकाळचा उजेड कुठल्याही एलईडीपेक्षा बरा.

पाहायचं काय? ठोकून पाडलेल्या नाण्यात धातू मध्यातून बाहेर सरकलेला असतो. अक्षरांच्या बाहेरच्या बाजूला, काठाकडे जाणाऱ्या बारीक रेषा त्यामुळे दिसतात. ओतीव नकलेत त्या नसतात. तिथे बारीक गोल छिद्रं असतात, आणि अक्षरांच्या कडा पाण्यात भिजलेल्या बत्ताशासारख्या गोलावलेल्या दिसतात. नंतर काठ पूर्ण फिरवून बघा. सलग एक रेघ किंवा ती मिटवण्यासाठी कानशीने घासल्याच्या आडव्या खुणा म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्यांचा जोड. याउलट काठावरच्या फटी ही बहुधा चांगली खूण आहे. थंड होत आलेली चकती ठोकताना त्या पडतात. मुलाम्याचं नाणं असेल तर पत्र्याखाली फोड आलेला दिसतो आणि त्याच्या कडेला हिरवा डाग.

आधुनिक ठशांनी, खऱ्या चांदीवर ठोकलेल्या नकला मात्र भिंगात पकडणं अवघड. त्यांचं वजन बरोबर, चांदी बरोबर, रेषाही असतात. अशा वेळी एकच उपाय उरतो: त्याच ठशाची दुसरी नाणी शोधायची. दोन वेगवेगळ्या नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी, तीच कलती ठोक, काठही तसाच, असं दिसलं तर दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून आली आहेत. दुर्मिळ सम्राटांच्या बाबतीत ही तपासणी सोडूच नका. ६९ साली जेमतेम तीन महिने राज्य केलेला ओथो, १९३ मध्ये ६६ दिवस टिकलेला डिडियस जुलियानस, त्याच वर्षीचा पर्टिनॅक्स. नकलाकारांना हीच नावं आवडतात, कारण हीच महाग विकली जातात. ओथो स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका. सुरुवातीला अँटोनायनस पायस, सेप्टिमियस सेव्हेरस, सेव्हेरस अलेक्झांडर आणि तिसरा गॉर्डियन यांच्यापासून निघालेलं उत्तम. ती नाणी मुबलक आहेत, ताडून पाहायला नमुने भरपूर आहेत आणि चुकलं तरी फटका लहान बसतो.

मोजपट्टी म्हणून डिजिटल व्हर्निअर घ्या, पण प्लॅस्टिकच्या जबड्याचा. स्टीलचा जबडा चांदीवर चरा पाडतो. चकत्या गोल नसतात, म्हणून सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान असे दोन्ही व्यास नोंदवा. निओडायमियमचा लहानसा लोहचुंबकही ठेवा. चांदी आणि तांबं चिकटत नाहीत. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि विषय संपला. न चिकटण्याला मात्र काही अर्थ नाही, कारण शिसं, कथील आणि पितळही चिकटत नाही.

कसोटीचा दगड आणि तेजाबाची बाटली कुणी किटमध्ये देऊ केली तर परत करा. दागिन्याला कस लावणं ठीक, दोन हजार वर्षांच्या नाण्याचा काठ दगडावर घासणं नाही. आणि मुलाम्याच्या नाण्यावर तो कस चांदीचाच दाखवेल.

सराफ्यातली टंच मशीन

क्ष-किरणांनी टंच काढून देणारी मशीन इतवारीत बऱ्याच ठिकाणी आहे. सोन्याच्या दागिन्यांसाठी लोक रोज ती वापरतात. काम मिनिटा-दोन मिनिटांचं, खर्च किरकोळ, नाण्याला धक्का नाही. सेवा म्हणून चांगली आहे. अडचण आकड्याच्या अर्थाची आहे.

ही मशीन फक्त वरचा अगदी पातळ थर वाचते. रोमन टांकसाळीत चांदी-तांब्याची चकती तापवून, आम्लात टाकून वरचं तांबं काढत, म्हणजे नाणं पांढरंशुभ्र दिसे. नंतर जमिनीत राहिल्यावर उरलेलं तांबंही आधी वरूनच निघून गेलं. परिणामी वरचा थर आतल्यापेक्षा श्रीमंत. सेव्हेरसचं नाणं आत निम्म्या चांदीचं असलं तरी मशीन त्याहून बरंच जास्त दाखवू शकते. मुलाम्याच्या नाण्याला तर ती मस्तपैकी शुद्ध ठरवते.

म्हणून मशीनवाल्याला तीन गोष्टी सांगा. एक, सोन्याच्या नव्हे तर चांदीच्या सेटिंगवर घे. दोन, एकच वाचन नको: एक गालाच्या उंचवट्यावर, जिथे थर झिजलेला असतो, आणि एक सपाट पार्श्वभूमीवर. दोघांत मोठा फरक आला तर वर श्रीमंत थर आहे हे कळतंच, आणि उंचवट्याचा आकडा खऱ्याच्या जवळचा मानायचा. तीन, चांदी-तांब्याशिवाय बाकीचे धातूही छापून दे. प्राचीन चांदीत थोडं शिसं आणि किंचित सोनं राहिलेलं असतं, कारण तेव्हाच्या शुद्धीकरणात ते पूर्ण निघत नसे. ९९.९ टक्के चांदी आणि बाकी काहीच नाही असा कागद आला तर ती आजची चांदी असण्याची शक्यता मोठी. काही मशीनवाले नाणं चिमट्यात घट्ट पकडतात किंवा वाचनाआधी कापडाने घासतात. तेवढं आधी थांबवा.

पाण्यातली चाचणी पूर्ण नाण्याचं सांगते, मशीन कातडीचं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र उभं राहतं. मशीन ९५ टक्के म्हणते आणि पाण्यातलं उत्तर ९.२ येतं, तर आत तांब्याचा गाभा आहे असं धरून चाला.

फुकटची नाणेसूची

‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’, म्हणजे ओसीआरई, ही अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्राचीन जगाच्या अभ्याससंस्थेने मिळून उभी केलेली सूची आहे. रोमन साम्राज्याच्या नाण्यांचे जे छापील खंड जगभर प्रमाण मानले जातात, त्यांतले ४० हजारांहून जास्त प्रकार, ऑगस्टसपासून ४९१ मध्ये वारलेल्या झेनोपर्यंत, इथे आहेत. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. छापील खंडांच्या किमती पाहिलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

वापरायची रीत अशी. आधी धातू चांदी आणि प्रकार डिनेरियस निवडून यादी लहान करा. चेहरा ओळखत असाल तर सम्राट निवडा, नसाल तर लेखातली वाचता येतील तेवढी अक्षरं टाका. रोमन लेखात ‘यू’ नसतो, त्याच्या जागी ‘व्ही’ असतो. हे विसरलं की शोध रिकामा येतो. मग मागच्या बाजूची आकृती. आता उरलेल्या नोंदींमधले संग्रहालयांतले फोटो आपल्या नाण्याशी ताडून बघा. अनेक नोंदींत त्या प्रकाराच्या नमुन्यांचं वजन आणि व्यास दिलेले असतात. वर सांगितलेल्या काट्याचं खरं काम इथे होतं, कारण आपला ३.१२ चा आकडा पुस्तकातल्या प्रमाणाशी न ताडता प्रत्यक्ष मोजलेल्या नाण्यांशी ताडता येतो.

लेखातल्या पदव्यांवरून सालही काढता येतं. ‘टीआर पी’ म्हणजे सम्राटाचा ट्रिब्यूनचा अधिकार, त्यापुढचा आकडा दरवर्षी एकाने वाढतो: सेव्हेरस अलेक्झांडरच्या नाण्यावर तो नऊ असेल तर साल २३०. ‘सीओएस’ पुढचा आकडा सम्राट कितव्यांदा कॉन्सुल आहे ते सांगतो: व्हेस्पेशियनच्या नाण्यावर ‘सीओएस’ सात म्हणजे ७६. हेड्रियन मात्र ११९ नंतर तिसऱ्याच कॉन्सुलपदावर थांबला, त्यामुळे त्याच्या नाण्यांवरचा तीन पुढच्या जवळजवळ वीस वर्षांत कुठलाही असू शकतो.

एक खबरदारी. जुन्या लिलावांच्या यादीत दिलेले क्रमांक जुन्या आवृत्तीचे असतात. त्या छापील खंडांपैकी पहिल्याची सुधारित आवृत्ती १९८४ ची आहे आणि तिच्यात क्रमांक बदलले. टायबेरियसचा तो बसलेल्या स्त्रीचा प्रकार जुन्या यादीत ३ आहे आणि नव्यात २६ पासून ३० पर्यंत, आसनाच्या पायांच्या आणि इतर तपशिलांनुसार वाटलेला. विक्रेता जुना क्रमांक सांगतो म्हणून तो फसवतोय असं नाही. ही सूची नकलांबद्दल किंवा बाजारभावाबद्दल काही सांगत नाही, तेवढ्यासाठी जुन्या लिलावांचे निकाल वेगळे पाहावे लागतात.

ठेवायचं कशात

अल्बमचे मऊ, वास येणारे खिसे पीव्हीसीचे असतात. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्यातलं रसायन बाहेर येऊन नाण्यावर चिकट हिरवट थर बसतो. पॉलिएस्टरची कडक पाकिटं घ्या. ती वाकवली की कडकड वाजतात, हीच ओळख. पुठ्ठ्याच्या चौकटी वापरल्या तर स्टेपलरची पिन नाण्यापासून दूर आणि चपटी केलेली असू द्या. प्लायवूड आणि एमडीएफच्या खणातल्या गोंदाची वाफ, रबर बँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद हे चांदी काळी करणारे चार शत्रू. डांबरगोळ्याही त्याच कपाटात नकोत.

कूलरचा इथेही त्रास आहे. जून येईपर्यंत नागपूरची हवा कोरडी असते, पण कूलरच्या खोलीत ओलावा दिवसभर चढलेला राहतो आणि लगेच पावसाळा लागतो. नाण्यांचा डबा कूलर नसलेल्या खोलीत, पश्चिमेची भिंत सोडून ठेवा आणि त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका. रंग उतरला की ती मंद ओव्हनमध्ये, ११०-१२० अंशांवर, तासाभराने पुन्हा कामाला येते.

बिल

१९७२ च्या पुरातन वस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. त्याचा व्यवसाय करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून नाण्याचा खरेपणा आणि दर्जा ठरवणाऱ्या परदेशी ग्रेडिंग कंपनीकडे नाणं पाठवून प्रमाणपत्र आणायचा मार्ग आपल्याला नाही. काटा, पाणी आणि भिंग यांवरच भिस्त. शेतात किंवा पाया खणताना सापडलेलं नाणं कुणी विकायला आणलं तर हात लावू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

घेताना बिलावर सम्राटाचं नाव, नाण्याचा प्रकार, सूचीतला क्रमांक, मिलिग्रॅमपर्यंत वजन, दोन्ही व्यास आणि दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. ‘जुनं चांदीचं नाणं’ एवढंच लिहिलेलं बिल नको. खोटं निघालं तर किती दिवसांत पैसे परत मिळतील हेही त्याच कागदावर, सहीनिशी. वजन दुकानदाराच्या काट्यावर नाही, आपल्या काट्यावर, त्याच्यासमोर करायचं. काटा खिशात मावतो.